नियम बरोबर आहे, पत्ता बदललाय

प्रश्न : घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर मी माइनक्राफ्टचा (जावा आवृत्ती) सर्व्हर लावला आहे. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे ठरावीक पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) बाहेरून आलेली हाक घरातल्या एका यंत्राकडे पाठवण्याचा नियम टाकला: पोर्ट २५५६५, टीसीपी, आतला पत्ता १९२.१६८.१.७. आठवडाभर चार मित्र बाहेरून येऊन खेळले. परवा वीज गेली. परत आल्यावर सगळं सुरू केलं, तर आता मित्रांना ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसतं. बाहेरचा आयपी (इंटरनेटवर दिसणारा घराचा पत्ता) तपासला, तो तोच आहे. मी स्वतः डेस्कटॉपवर ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे हाच कॉम्प्युटर) लिहून आत जाऊ शकतो. नियम तीनदा पुसून जसाच्या तसा पुन्हा टाकला. आणखी काय करू?

उत्तर : नियमाला आता हात लावू नका. तुम्ही त्रास घेऊन नेमका संदेश लिहून पाठवलात, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. ‘रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ या दोन संदेशांत फार मोठा फरक आहे. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे हाक मारली आणि उत्तरच आलं नाही. अशा वेळी वाटेत कुठेही काहीही अडलेलं असू शकतं. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे हाक पोहोचली आणि पलीकडून कुणीतरी ‘इथे असं कोणी नाही’ असं स्पष्ट सांगितलं. डेस्कटॉपची फायरवॉल अडवत असती तर बहुधा ‘टाइम्ड आउट’ दिसलं असतं, कारण विंडोजची फायरवॉल नको असलेली जोडणी मुकाट्यानं सोडून देते, नकार कळवत नाही.

मग नकार कोण देतंय? सर्व्हर चालू आहे, हे तुम्ही लोकलहोस्टवरून पाहिलंच आहे. म्हणजे हाक चुकीच्या यंत्रावर जाते आहे, असा माझा अंदाज आहे, आणि वीज गेल्याचा उल्लेख वाचून तो पक्का झाला. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर डीएचसीपी या आपोआप पत्ते देणाऱ्या पद्धतीनं पत्ता वाटतो. हा पत्ता कायमचा नसतो, काही काळापुरता दिलेला असतो. कोणाला काय दिलं होतं, हे बरेच घरगुती राउटर वीज गेल्यावर विसरतात. वीज आली की राउटर जागा होतो तेव्हा फोन बॅटरीवर आधीपासून जागेच असतात, ते लगेच पत्ता मागतात. डेस्कटॉप तुम्ही मागाहून सुरू केलात. १९२.१६८.१.७ तोवर दुसऱ्या कुणाकडे गेला. तुमचा नियम इमानेइतबारे २५५६५ वरची प्रत्येक हाक आता घरातल्या एखाद्या फोनकडे पाठवतो आहे. त्या फोनवर माइनक्राफ्टचा सर्व्हर नाही, म्हणून तो नकार देतो.

खात्री करायला डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ची ओळ बघा. शेवटचा आकडा ७ नसेल, तर चोर सापडला. आता नियमात नुसता नवा आकडा टाकून थांबू नका, पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा हेच होईल. राउटरमध्ये डीएचसीपीच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा. काही राउटरांत त्याला ‘स्टॅटिक लीज’ म्हणतात. तिथे डेस्कटॉपचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क जोडणीचा ओळखक्रमांक) देऊन एक पत्ता त्याच्या नावावर राखून ठेवा. वायरचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, तेव्हा सर्व्हर ज्यावरून चालतो तोच द्या. शक्यतो वायरच लावा. मग डेस्कटॉप रीस्टार्ट करा आणि नियमात तोच राखीव पत्ता लिहा.

तपासणी बाहेरून करा. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पोर्ट तपासणारं संकेतस्थळ उघडा आणि त्यात घराचा बाहेरचा आयपी व २५५६५ लिहा. त्या वेळी सर्व्हर चालू हवा. ऐकणारं कुणी नसेल तर पोर्ट बंदच दिसतो आणि माणूस उगाच नियमावर संशय घेतो. घरात बसून बाहेरचा आयपी वापरून जोडायचा प्रयत्न करू नका. बऱ्याच राउटरांना आतून बाहेर जाऊन परत आत यायचं जमत नाही.

ज्यांचं पहिल्या दिवसापासून एकदाही चाललेलं नाही, त्यांचं दुखणं बहुधा वेगळं असतं. मी स्वतः इंटरनेटची जोडणी बदलल्यावर तीन संध्याकाळी नियम, फायरवॉल, केबल सगळं उलटंपालटं करण्यात घालवल्या. शेवटी राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर पाहिलं, तर पत्ता १०० पासून सुरू होत होता, आणि संकेतस्थळावर दिसणारा बाहेरचा आयपी वेगळाच होता. तेव्हा खूप वाईट वाटलं, कारण हे दोन आकडे पहिल्याच मिनिटाला पडताळता आले असते. आयपीव्ही४ चे पत्ते सुमारे ४.३ अब्जच आहेत आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. म्हणून पुरवठादार अनेक घरांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतात. या सोयीसाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखून ठेवला गेला. वॅनचा पत्ता त्या पट्ट्यात असेल तर घरच्या राउटरमधला कुठलाही नियम उपयोगाचा नाही. पुरवठादाराकडे सार्वजनिक आयपी मागा, नाहीतर टेलस्केल किंवा झीरोटियरसारखं, दूरच्या कॉम्प्युटरांचं खासगी जाळं बनवणारं साधन तुमच्या आणि सगळ्या मित्रांच्या कॉम्प्युटरवर टाका. त्यात पोर्ट उघडावाच लागत नाही.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. गेम सर्व्हरसाठी राउटरमध्ये पोर्ट उघडून दे म्हणतो. त्यामुळे सगळं घर उघडं पडेल का? मला यातलं फारसं कळत नाही, म्हणून भीती वाटते.

उत्तर : ताई, सगळं घर उघडं पडत नाही. पोर्ट ६५ हजारांहून अधिक असतात, त्यातला एक उघडतो आणि तोही एकाच कॉम्प्युटरच्या एकाच प्रोग्रॅमकडे जातो. पण तुमची भीती अनाठायी नाही. त्या प्रोग्रॅमलाच भोक असेल तर बाहेरचा माणूस तिथून शिरू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तेच झालं. लॉग४जे नावाच्या एका घटकातल्या दोषामुळे, गेमच्या चॅटमध्ये विशिष्ट मजकूर लिहून सर्व्हरवर परकी आज्ञा चालवता येत होती. १.१८.१ या आवृत्तीत ते दुरुस्त झालं, पण ज्यांनी सर्व्हर अद्ययावत केला नाही ते उघडेच राहिले.

म्हणून मुलाशेजारी बसा आणि त्याला तीन गोष्टी तुमच्यासमोर करायला लावा. सर्व्हर ताज्या आवृत्तीवर आणायचा. ‘व्हाइटलिस्ट’ चालू करून ओळखीच्या मित्रांचीच नावं त्यात घालायची. आणि खेळाडूचं खातं खरं आहे का हे तपासणारा ‘ऑनलाइन मोड’ बंद करायचा नाही, कारण तो बंद असेल तर कुणीही मित्राचं नाव लावून आत येऊ शकतो. राउटरमधला ‘डीएमझेड’ हा पर्याय सोपा म्हणून सुचवला जातो, त्याला मात्र ठाम नकार द्या; त्यानं त्या कॉम्प्युटरचे जवळजवळ सगळेच पोर्ट बाहेरच्यांसमोर येतात. सर्व्हरसाठी वेगळा जुना कॉम्प्युटर असेल तर उत्तम, म्हणजे घरचे फोटो आणि कागदपत्रं त्याच यंत्रावर राहणार नाहीत. आणि परीक्षेच्या दिवसांत सर्व्हर बंद असेल, तेव्हा राउटरमधल्या त्या नियमासमोरची खूण काढून ठेवा. नियम पुसावा लागत नाही, सुट्टी लागली की पुन्हा खूण केली की झालं.