पहिलं लिहिलेलं पहिलं वाचा

तुम्ही विचारलंय की स्कॅन्डिनेव्हियन क्राइम सिरीज इंग्रजी अनुवादातून वाचायला घ्यायच्यात, मित्राने नॉर्वेच्या नेस्बोचं 'द स्नोमॅन' हातात दिलंय, ते आधी वाचलं तर चालेल का की सगळं क्रमानेच वाचावं लागतं, आणि ती नावं डोक्यात बसत नाहीत त्याचं काय करायचं.

'स्नोमॅन' सध्या कपाटात ठेवा. पुस्तक चांगलंच आहे, पण नेस्बोच्या ऑस्लोतल्या पोलिसाचं, हॅरीचं, ते सातवं पुस्तक आहे आणि तुम्हाला हॅरी अजून भेटलेलाच नाही.

मी हीच चूक केलीय म्हणून एवढं ठासून सांगतोय. माझं ऑफिस तेव्हा चर्चगेटला होतं, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'द डेव्हिल्स स्टार' मिळालं, पाठीमागचा मजकूर वाचला, आवडला, घेतलं. लोकलमध्ये चार दिवसात संपवलं. पण पूर्ण वेळ असं वाटत राहिलं की आपण इंटर्व्हलनंतर थिएटरात शिरलोय, हा माणूस एवढा दारूत का बुडालाय ते पुस्तकातल्या सगळ्यांना माहितीय फक्त मला नाही, आणि एका सहकाऱ्यावर त्याचा एवढा राग का ते पण नीट कळेना. नंतर शोधल्यावर समजलं की ते पाचवं पुस्तक होतं आणि तिसरं, चौथं, पाचवं मिळून एक सलग गोष्ट आहे. मग तिसरं म्हणजे 'द रेडब्रेस्ट' मिळवलं, आणि त्यात एक पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा लेखकाने त्याला इतक्या बेमालूमपणे आणलंय की वाचणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये, आणि मला त्याचं सगळं आधीच माहिती. कोण ते सांगत नाही. पण ते पुस्तक पहिल्यांदा वाचण्याचा आनंद माझ्या हातून गेला तो गेलाच.

यात वाचकाचा दोष नसतो. इंग्रजीत ही पुस्तकं आलीच मुळात उलटीसुलटी. नॉर्वेजियनमध्ये हॅरीचं पहिलं पुस्तक १९९७ चं, पण इंग्रजीत सगळ्यात आधी २००५ मध्ये पाचवं आलं, मग २००६ मध्ये तिसरं, २००८ मध्ये चौथं, आणि पहिलं 'द बॅट' आलं थेट २०१२ मध्ये. स्वीडनच्या मँकेलचा पोलिस वॉलँडर, त्याचं चौथं पुस्तक 'द मॅन हू स्माइल्ड' इंग्रजीत २००५ ला आलं, तोवर आठवं बाजारात येऊन तीन वर्षं झाली होती. नॉर्वेच्या कारिन फोसुमच्या इन्स्पेक्टर सेयरचं पहिलं पुस्तक १९९५ चं, ते पण इंग्रजीत २०१२ ला. परदेशी प्रकाशक नवा लेखक घेताना ज्या पुस्तकाला बक्षीस मिळालंय किंवा जे त्याच्या देशात तुफान खपलंय ते आधी घेतो, चाललं तर मग मागची उचलतो. त्यामुळे इंग्रजी आवृत्तीच्या सालावर अजिबात जाऊ नका, आतल्या पानावर मूळ भाषेतलं नाव आणि साल बारीक अक्षरात छापलेलं असतं ते बघा आणि त्या सालाप्रमाणे वाचा. माझं सगळं उत्तर खरंतर एवढंच आहे, बाकी हे का एवढं महत्त्वाचं ते सांगतो.

आपण लहानपणापासून ज्या डिटेक्टिव्ह गोष्टी वाचल्या, होम्स म्हणा, अर्नाळकरांचा झुंझार म्हणा, त्यातलं कुठलंही पुस्तक कधीही उचला, हिरो तोच असतो. त्याचं वय वाढत नाही, गुडघे दुखत नाहीत. या उत्तरेकडच्या सिरीजमध्ये गुन्हा पुस्तकागणिक बदलतो पण माणूस एकच आयुष्य जगत पुढे जात असतो, आणि सात-आठ पुस्तकांतून हळूहळू उलगडणारी खरी गोष्ट ती असते.

वॉलँडरचंच सांगतो. दक्षिण स्वीडनमधलं ईस्ताद नावाचं समुद्रकाठचं छोटं शहर, तिथून पोलंडला बोटी जातात. पहिलं पुस्तक 'फेसलेस किलर्स', १९९१ चं. जानेवारीतली थंडीची रात्र, शेतावर राहणारं म्हातारं जोडपं, शेजारचा म्हातारा पहाटे जागा होतो आणि त्याला वाटतं काहीतरी चुकतंय, मग लक्षात येतं की पलीकडची घोडी आज आवाज करत नाहीये. पुढे पोलिस येतात, घरात भयंकर प्रकार झालेला असतो, आणि तपासात असं दिसतं की त्या रात्री घोडीला कोणीतरी गवत घालून गेलंय. एवढा निर्घृण प्रकार करणारा माणूस जाता जाता जनावराला चारा का घालेल? हा प्रश्न वॉलँडरच्या डोक्यात अडकून बसतो आणि आपल्याही. त्यात ती म्हातारी मरताना एकच शब्द बोलते, 'परदेशी'. तो शब्द बाहेर फुटतो आणि त्या भागातल्या निर्वासितांच्या छावण्यांवर लोक उठतात. एका शब्दावरून गाव कसं पेटतं हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही.

पण मला जे सांगायचंय ते पुढचं. सातव्या पुस्तकात, 'वन स्टेप बिहाइंड' मध्ये, वॉलँडर सारखा दमलेला असतो, सारखी तहान, सारखं लघवीला जाणं, गाडी चालवताना डोळ्यावर झापड. माझ्या बाबांना वीस वर्षं शुगर होती. मी ते वाचताना पहिल्या काही पानांतच ओळखलं आणि पुस्तक मांडीवर ठेवून बसलो, कारण तोवर सहा पुस्तकं मी याला अवेळी हॅम्बर्गर खाताना, रात्र रात्र जागताना, घटस्फोटानंतर एकट्याने ऑपेरा ऐकत बसताना पाहिलं होतं, त्याच्या चित्रकार बापाशी झालेली भांडणं पाहिली होती (बाप आयुष्यभर एकच निसर्गचित्र काढतो, कधी त्यात रानकोंबडा असतो कधी नसतो, एवढाच फरक). सहा पुस्तकांत जे चाललं होतं ते या आजारात येऊन पोचणारच होतं. हेच सातवं पुस्तक मी पहिलं उचललं असतं तर ती चार ओळींची माहिती झाली असती, पोलिसाला डायबेटिस आहे, बरं, पुढे.

सुरुवात कुठून म्हणाल तर माझं मत सरळ आहे, सगळ्यांच्या आधी शोवाल आणि वालूची मार्टिन बेक सिरीज. मे शोवाल आणि पेर वालू ही जोडी, १९६५ ते १९७५ या काळात दहा पुस्तकं, प्रत्येकात तीस प्रकरणं, म्हणजे मिळून तीनशे प्रकरणांची एकच कादंबरी असं त्यांनी आधीच ठरवून लिहिलं. मुलं झोपली की रात्री दोघं बसायचे, एक प्रकरण तिचं एक त्याचं. दोघंही डाव्या विचारांचे, बाहेरून आदर्श दिसणाऱ्या स्वीडनच्या आत काय सडतंय ते त्यांना पोलिसकथेच्या वेष्टनात दाखवायचं होतं. दहाव्या पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द 'मार्क्स' आहे. वालू १९७५ मध्येच वारला, सिरीज पुरी होता होता. आज तुम्ही वाचाल त्या जवळपास प्रत्येक नॉर्डिक पोलिसवाल्याचा, दमलेला, पोट बिघडलेला, घरी बायकोशी बोलणं तुटलेला, आजोबा हा मार्टिन बेकच आहे.

पहिलं पुस्तक 'रोझअॅना'. कालव्यातला गाळ काढायचं मशीन चालू आहे, जुलै महिना, लोक काठावर उगाच बघत उभे आहेत, आणि गाळाच्या बादलीतून एका बाईचं प्रेत वर येतं. अंगावर काही नाही, ओळख पटत नाही, गावातलं कोणी हरवलेलं नाही. तीन महिने होतात तरी पोलिसांच्या हाती एवढंच की तिचं नाव रोझअॅना, ती अमेरिकेतल्या लिंकन नावाच्या शहरातून आलेली, आणि ज्या प्रवासी बोटीवर ती होती त्या बोटीवरच्या ८५ जणांपैकी कोणीही तिचा गळा दाबलेला असू शकतो. मग हे लोक काय करतात तर त्या बोटीवरच्या टुरिस्टांनी सुट्टीत काढलेले फोटो आणि फिल्म देशोदेशीहून पत्रं पाठवून मागवतात, आणि अंधाऱ्या खोलीत बसून बघतात. अनोळखी लोकांच्या ट्रिपचे फोटो, कोणाची टोपी, कोणाचं लहान मूल, आणि मागे कुठेतरी कठड्याला टेकून उभी असलेली ती, जिवंत. मला अजून तो प्रसंग वाचताना काटा येतो. ना मोबाइल, ना सीसीटीव्ही, डीएनए तर सोडाच, नुसती चिकाटी. सुरुवातीची साठ-सत्तर पानं तुम्हाला संथ वाटतील, वाटू द्या, तो कंटाळा त्या पोलिसांचा पण आहे आणि शेवटी जे होतं त्याला वजन त्यामुळेच येतं.

अनुवादाबद्दल एक गोष्ट, जी आपल्याला मराठी वाचक म्हणून जास्त जाणवते. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मी पहिली दोन-तीन पुस्तकं वाचताना डोक्यातल्या डोक्यात हवालदार वॉलँडरला 'साहेब' म्हणतायत, 'तुम्ही' म्हणतायत असंच ऐकत होतो, आपल्या पोलिस चौकीची सवय. नंतर कळलं की स्वीडनमध्ये साठच्या दशकाच्या शेवटी लोकांनी मोठ्या प्रमाणावर मानाची रूपं टाकून दिली आणि सगळे सगळ्यांना 'दू' म्हणजे आपलं 'तू' म्हणायला लागले, ऑफिसात साहेबाला, दवाखान्यात डॉक्टरला. म्हणजे ज्युनियर पोलिस वॉलँडरला तोंडावर 'तू चुकतोयस' म्हणत असतो! हे कळल्यावर मी मागचे प्रसंग परत वाचले आणि त्या मीटिंगा पूर्ण वेगळ्या ऐकू आल्या. मार्टिन बेकच्या पहिल्या पुस्तकांचा काळ मात्र या बदलाच्या आधीचा, तिथे अजून हुद्दा आणि आडनाव लावून बोलायची पद्धत होती, इंग्रजीत तो फरक दिसत नाही, तुम्ही मनात ठेवून वाचा.

अनुवादकाचं नाव पण बघत जा. वॉलँडर इंग्रजीत आणलाय स्टीव्हन मरे, लॉरी थॉम्पसन आणि एबा सेगरबर्ग अशा तिघांनी, त्यामुळे एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना आवाज किंचित बदलल्यासारखा वाटतो, चाल तीच गाणारा वेगळा असं काहीतरी. हॅरी मात्र पहिली दहा पुस्तकं डॉन बार्टलेटच्या इंग्रजीत एकसंध राहतो.

नावांच्या भानगडी तर विचारूच नका. स्टीग लार्सनच्या पहिल्या पुस्तकाचं स्वीडिश नाव शब्दशः 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' असं आहे, आणि पुस्तक खरंच त्याबद्दल आहे, पानोपानी. इंग्रजीत त्याचं 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' केलं, म्हणजे लेखकाने बोट पुरुषांकडे दाखवलेलं ते फिरवून मुलीकडे नेलं. मला हे आजही खटकतं, आणि लार्सन २००४ मध्येच गेलेला, पुस्तक छापून यायच्या आधीच. डेन्मार्कच्या अॅडलर-ओल्सनचं तर एकच पुस्तक इंग्लंडमध्ये 'मर्सी' आणि अमेरिकेत 'द कीपर ऑफ लॉस्ट कॉजेस'. मी दोन्ही मागवली होती, पार्सल उघडून दुसऱ्याचं पहिलं पान वाचलं आणि कळलं की हे आपण मागच्याच आठवड्यात वाचलंय. त्याच्या पुढच्या पुस्तकांचं पण असंच आहे, ऑर्डर करायच्या आधी डॅनिश नाव जुळवून बघा, पैसे वाचतील.

आता ती डोक्यात न बसणारी नावं. बुकमार्कचा कागद घ्या आणि नाव आलं की देवनागरीत लिहा, पुढे एक शब्द, कोण आहे तो. आपली लिपी याला फार सोयीची आहे, इंग्रजी स्पेलिंग डोळ्याला अडतं पण उच्चार लिहिला की माणूस उभा राहतो. हॅरीचं आडनाव इंग्रजीत भोकासारखं (Hole) दिसतं, ते 'हूले' आहे. गोथेनबर्ग म्हणजे स्वीडिश तोंडी 'योतेबोरी'. आइसलँडवाल्यांचं अजून सोपं, तिथे आडनाव म्हणजे बहुतेक बापाच्या नावाला मुलगा किंवा मुलगी जोडलेलं, आणि सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात, म्हणून आर्नाल्दुर इंद्रिदासनचा तो एकलकोंडा पोलिस सगळ्यांसाठी नुसता एर्लेंडुर. वडिलांचं नाव लावायची सवय असलेल्या आपल्या लोकांना ते लगेच कळतं. त्याची 'जार सिटी' पासून सुरुवात करा, क्रमाने ते तिसरं आहे पण पहिली दोन इंग्रजीत आलेलीच नाहीत त्यामुळे इलाज नाही. लहानपणी हिमवादळात हरवलेला भाऊ आयुष्यभर डोक्यात घेऊन फिरणारा माणूस आहे तो, सावकाश वाचा.

क्रमाच्या नियमाला माझ्याकडून एकच सूट, ती पण हॅरीसाठीच. 'द बॅट' सिडनीत घडतं आणि दुसरं 'कॉकरोचेस' बँकॉकमध्ये, ऑस्लो त्यात नावापुरतं, आणि नेस्बोचा हात अजून बसायचा होता. ती नंतर वाचली तरी फार बिघडत नाही. 'रेडब्रेस्ट' पासून धरा, त्यात दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूने लेनिनग्राडच्या आघाडीवर लढायला गेलेल्या नॉर्वेजियन पोरांची गोष्ट आजच्या ऑस्लोशी गुंफलीय, मग 'नेमेसिस', मग 'डेव्हिल्स स्टार' (हे भर उन्हाळ्यात घडतं, सगळीकडे बर्फच असतो असं नाही), मग 'द रिडीमर', आणि मग तुमच्या मित्राचं 'स्नोमॅन'. चार पुस्तकं आधी आहेत म्हणजे दिवाळीपर्यंत पोचाल बहुतेक, मित्राला सांगून ठेवा की पुस्तक एवढ्यात परत मिळणार नाही.