‘याला सरळ स्पेशल स्कूलमध्येच घालू का, ताई?’

गेल्या वर्षी शाळा उघडून जेमतेम तीन आठवडे झाले होते. अथर्वची आई नाशिकच्या सिडकोहून भर पावसात आली आणि ओल्या पिशवीतून फाइल काढायच्या आतच तिने हा प्रश्न विचारला. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) अथर्व 8 वर्षांचा, मराठी शाळेत तिसरीत. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. बोलतो कमी, पण घड्याळ आणि कॅलेंडर त्याला तोंडपाठ.

आई घरी ब्लाउज शिवते. बाबा अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, म्हणून शाळेचा फोन नेहमी तिलाच. “आज बाकाखाली बसलाय, आज फाटकापर्यंत पळाला, येऊन घेऊन जा, असं सांगतात. आठवड्यातून तीनदा मशीन बंद करून धावते मी, ताई. परवा तर फाटकावर एक आई मला ऐकू जाईल असं म्हणाली, की याच्यामुळे आमच्या मुलांचं नुकसान होतं.”

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून कितीतरी वेळा येतो. कुठल्या शाळेत घालायचं, याचं उत्तर मी लगेच देत नाही. आधी विचारते, त्याचा शाळेतला दिवस कसा जातो? ती म्हणाली, “शेवटच्या बाकावर, खिडकीशी. मणी ओवत बसतो. बाई म्हणतात, शांत बसला तरी पुरे.”

माझ्या मते खरा प्रश्न इथे होता. हजेरीपटावर नाव आहे, दप्तर आहे, गणवेश आहे, पण वर्ग शिकतोय एक आणि हा करतोय दुसरंच. आधीच्या काळात याला एकात्मिक शिक्षण म्हणत. मूल साध्या शाळेत आणायचं आणि शाळेशी जुळवून घेण्याचं काम त्या मुलावर टाकायचं. समावेशक शिक्षणात आधी शाळा बदलते. बसण्याची जागा, शिकवण्याची रीत, परीक्षा, वेळापत्रक, सगळं तपासून पाहायचं, की हे मूल नेमकं कशाला अडतंय? 1994 साली स्पेनमधल्या सलामांका शहरात झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यापासून जगभर हाच विचार मांडला जातोय.

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी दोन दिवस त्या वर्गात बसले. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीला पाच मिनिटं असताना अथर्वने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कानांवर हात दाबले आणि बाकाखाली गेला. बाईंनी हात धरून बाहेर ओढलं, तर तो दाराकडे पळाला. आणि मग घंटा झाली. त्याच्या खिडकीबाहेर, व्हरांड्याच्या तुळईला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला आणि शिपाईकाका त्यावर लोखंडी गज हाणत होते. माझ्याही कानात दडे बसले. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाज आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवतो. या मुलाला तर घड्याळ कळत होतं, म्हणजे तो आवाज यायच्या आधीची पाच मिनिटंही तो रोज भोगत होता. बाईंना वाटायचं, सुट्टी जवळ आली की हा मुद्दाम करतो.

बाईंना मी दोष देणार नाही. समोर 46 मुलं, आणि अशा मुलाला कसं शिकवायचं हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्याशी, आईशी आणि मुख्याध्यापकांशी एकत्र बसून बोललो. शिपाईकाकांनी गजाच्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. घंटा मैदानापर्यंत ऐकू जाते, पण तो कर्कशपणा गेला. अथर्वची जागा दुसऱ्या रांगेत, व्हरांड्यापासून लांब. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाच्या तासांची चित्रं लावली. चार दिवसांत बाकीच्या मुलांचं “बाई, आता कोणता तास?” हे विचारणंही थांबलं. एकासाठी केलेली सोय अनेकांच्या उपयोगी पडते, हे मी वर्गावर्गात पाहिलंय. फाटकावरच्या त्या आईला द्यायचं उत्तरही हेच आहे.

अभ्यासाचं काय? वर्ग हातच्याची वजाबाकी करत असेल तर अथर्वही वजाबाकीच करणार, पण मण्यांच्या दहा-दहाच्या माळा घेऊन. ज्या मण्यांनी त्याला गप्प बसवलं जात होतं, तेच मणी गणिताच्या तासाला आले. कविता पाठ म्हणण्याऐवजी तो चित्रं कडव्यांच्या क्रमाने लावतो. विषय तोच, पायरी त्याची. त्याच्यासाठी एका सत्राचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा केला आणि त्यात तीनच गोष्टी ठेवल्या: मदत हवी असेल तर कार्ड दाखवणं, गटात आपली पाळी येईपर्यंत थांबणं, मनाने तीन ओळी लिहिणं. आराखडा दहा पानांचा केला की तो कपाटात जातो.

शाळेने आधी एक अट घातली होती, पालकांनी स्वखर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसून मदत करणारी बाई आणावी. काही मुलांना तशा मदतीची खरंच गरज असते. पण दिवसभर एक मोठं माणूस चिकटून बसलं की बाकीची मुलं त्या मुलाशी बोलायचीच बंद होतात. आणि खर्च पालकांच्या माथी मारून शाळेची जबाबदारी संपत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मान्य आहे, स्वमग्नता त्यात आहे. शासनमान्य आणि अनुदानित शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, असं तो सांगतो. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अथर्वचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं नव्हतं. आजी म्हणायची, एकदा कागदावर आलं की शिक्का बसतो. मी त्यांना समजावलं, की पुढे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती याच कागदावर मिळतात. मग जिल्हा रुग्णालयात जाऊन ते काम त्यांनी केलं.

विशेष शाळा वाईट, असं मी कधीच म्हणत नाही. कर्णबधिर मुलाला खाणाखुणांची भाषा येणारे सोबती आणि शिक्षक जवळच्या शाळेत नसतील, तर विशेष शाळेतच ते मूल फुलतं. पण निवड मुलाची गरज पाहून व्हावी. शाळेच्या फोनला कंटाळून, फाटकावरच्या बोलण्याने खचून ती होऊ नये, एवढाच माझा आग्रह असतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीआधी गॅदरिंगच्या तालमीत लाउडस्पीकर लागला आणि दोन दिवस पुन्हा तेच. या वेळी मात्र फोन “घेऊन जा” असा नव्हता, “काय करू?” असा होता. तालमीपुरता तो ग्रंथालयात बसला, सोबत वर्गातली दोन मुलं, त्यांनी ते काम आपणहून मागून घेतलेलं.

आता चौथी संपत आलीय. ही शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला दुसरीकडे जावं लागणार. गेल्या आठवड्यात आई आली ती दाखल्यांच्या प्रती घेऊन. मी नव्या शाळेबद्दल विचारायच्या आत तीच म्हणाली, “ताई, दोनदा जाऊन आले. घंटा विजेची आहे, जिन्यापाशी. पाचवीचा एक वर्ग मागच्या अंगाला आहे, तिथे आवाज कमी येतो. तोच वर्ग द्या, असं अर्जातच लिहिलंय.”