रक्त कमी, मग वारेचे हार्मोनही कमी का?

पाचवा महिना लागलेली ताई सासूबाईंबरोबर आली. हिमोग्लोबिन 8.4 ग्रॅम (दर डेसिलिटर रक्तात). नात्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं, "रक्त कमी असलं की वारेतले (बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटातले) हार्मोन घटतात, इंजेक्शनं घ्यावी लागतात." तेव्हापासून तिची झोप उडालेली. ही भीती समुपदेशनात वरचेवर ऐकू येते.

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे ॲनिमिया, रक्त कमी; 7 ते 9.9 म्हणजे मध्यम. अशा वेळी ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून वार हात आखडत नाही, उलट पसरते. बाळाच्या वजनाच्या मानाने ती बरेचदा मोठी भरते. एचसीजी आणि प्लासेंटल लॅक्टोजेन ही वारेची हार्मोन्स हिमोग्लोबिन कमी असताना चढलेली आढळल्याचे अभ्यास आहेत. लॅक्टोजेन आईच्या शरीराला चरबी वापरायला लावतं आणि साखर बाळासाठी राखतं. थोडक्यात, वार जास्त राबते. पण तिच्या राबण्यालाही मर्यादा आहे. ॲनिमिया लांबला की बाळाचं वजन कमी भरण्याचा, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. नात्यातल्यांनी सांगितलेली इंजेक्शनं प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे गरोदरपण टिकवणाऱ्या हार्मोनची; त्यांनी हिमोग्लोबिन वाढत नाही. ती द्यायची कारणं वेगळी असतात.

मग ताईच्या पर्समधली लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी बाहेर आली. कधीच संपायला हवी होती, अजून अकरा गोळ्या शिल्लक. मळमळतं म्हणून मधूनमधून चुकवलेली, घेतली तर सकाळच्या चहाबरोबर, पाठोपाठ कॅल्शियम. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "शौचाला काळं व्हायला लागलं, उष्णता झाली असेल म्हणून मीच थांबवायला सांगितलं."

मी सांगितलं, "आई, तो रंग न शोषलेल्या लोहाचा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

डॉक्टरांनी 60 मिलिग्रॅम लोहाच्या रोज दोन गोळ्या लिहिल्या होत्या. त्यांच्या वेळा ठरल्या: एक दुपारी, एक रात्री, जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम नाश्त्याला आणि संध्याकाळी पाचला. चहा-दूध गोळीपासून दोन तास लांब. पट्टी सासूबाईंच्या डब्यात, म्हणजे चुकलेली गोळी लगेच दिसेल.

महिन्याभरात निदान 1 ग्रॅम वाढ दिसायला हवी. गोळ्या नीट घेऊनही ती झाली नाही, तर सिकलसेल, थॅलेसेमिया हे आनुवंशिक रक्तविकार आणि बी12 जीवनसत्त्व तपासायचं. गरज पडली तर रुग्णालयात शिरेतून लोह.

चार आठवड्यांनी 9.6 आलं. गोळ्या बंद करू का, हा ताईचा पहिला प्रश्न. नाही. 11 गाठल्यावर रोज एक, आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस.