बीजीएमआय (मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) खेळताना भाचा मला ‘बॉट’ म्हणतो, ही शिवी आहे का?

आहे, पण घरगुती. गेममध्ये काही खेळाडू माणसं नसतातच, कंप्युटर चालवतो. ते उघड्यावर उभे राहून कुठेतरी गोळ्या झाडतात आणि मरतात. तुम्ही तसंच खेळलात की तुम्हीही बॉट. ‘नूब’ म्हणजे नुसता नवखा, त्यात थोडी माफी असते.

‘कॅम्पर’ घरात दबा धरून बसतो. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत जिन्यात पोरं खेळतात, तिथे परवा एक ओरडला, “अरे बाथरूममध्ये बसलाय कॅम्पर!” वर येणाऱ्या जोशीकाकू जागीच थबकल्या.

माझा आवडता शब्द ‘साप’, म्हणजे ‘स्नेक’. शेवटच्या झोनमध्ये (खेळायची जागा आकसत जाते, तिचा उरलेला तुकडा) हा गवतात पालथा पडून सरपटतो, कोणाशी भिडत नाही आणि आयता पहिल्या पाचांत येतो. लोक चिडतात, पण शंभर जणांत शेवटपर्यंत टिकायचं असेल तर ती अक्कलच म्हणायची (मीही सापच आहे). दोन टीम भांडत असताना तिसरी येऊन दोघींना उडवते, ते ‘थर्ड पार्टी’.

भाच्याला एकदा गवतातून टिपा. ‘बॉट’ बंद होईल, ‘हॅकर’ सुरू होईल.