पावसात कोकण रेल्वे इतकी हळू का?

प्रश्न: गणपतीला गावी जाताना गाडी रडतखडत का चालते हो? लाईन तर इलेक्ट्रिक झाली ना?

उत्तर: झाली की, 2022 मध्येच. पण डोंगर तोच आहे ना, आणि माती पाणी प्यायली की सुटते. जून 2003 मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, 50 च्या वर माणसं गेली, मग कुठे कटिंगचे, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापलाय तिथले, उतार कमी करणं, जाळ्या मारणं, गस्त वाढवणं ही कामं जोरात सुरू झाली, आधी व्हायला हवी होती असं आपलं माझं मत. पाऊस धरला, पुढचं दिसेना की स्पीड ताशी 40 वर आणतात. मोठ्या पुलांवर वारा मोजायची यंत्रंपण आहेत. तुम्ही फक्त पावसाळी टाइमटेबल बघून निघा, नेहमीचं नको.