वाचक विचारतात : टायर वॉर्मर घेऊ का?

गेल्या महिन्यात ट्रॅकच्या तयारीवर दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्याहून जास्त पत्रं टायर वॉर्मरबद्दल आहेत, म्हणजे ट्रॅकवर जाण्याआधी बाइकचे टायर तापवणाऱ्या विजेच्या कापडी वेष्टनाबद्दल. चिंचवडच्या माझ्या गॅरेजमध्ये ट्रॅकच्या गाड्या तयार होतात, तिथेही सध्या हाच विषय आहे. त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले.

ताई, माझ्याकडे केटीएम आरसी ३९० आहे. पुढच्या महिन्यात चेन्नईला आयुष्यातला पहिला ट्रॅक डे करतोय, म्हणजे दिवसभर रेसच्या ट्रॅकवर गाडी चालवणार आहे. मित्र त्याचे वापरलेले टायर वॉर्मर पस्तीस हजारांना देतोय. म्हणतो, याशिवाय ट्रॅकवर जाणं म्हणजे पडायला जाणं. घेऊ का? टायर रस्त्याचेच आहेत. – एक वाचक, कोल्हापूर

नका घेऊ. पस्तीस हजार ही लहान रक्कम नाही आणि तुमच्या पहिल्या ट्रॅक डेला तिची गरज दुसरीकडे आहे.

आधी कारण सांगते. रेसचा स्लिक, म्हणजे बिननक्षीचा, टायर साधारण 80 अंशांच्या आसपास गरम झाला की पकड धरतो. थंड असताना त्याचा भरवसा नाही, म्हणून त्याला वॉर्मर लागतो. तुमच्या टायरचं रबर वेगळ्या कामासाठी बनवलंय. पहाटे घराबाहेर पडून पहिल्याच वळणावर त्याला धरता आलं पाहिजे, या हिशेबाने. तो कमी तापमानाला कामाला लागतो आणि दोन फेऱ्यांत तयार होतो. त्यात तुम्ही जाताय इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर. तिथे सकाळी दहानंतर डांबराला हात लावून बघा, चटका बसेल. तिथल्या दुपारी रस्त्याचा टायर थंड पडण्यापेक्षा जास्त तापण्याचीच शक्यता मोठी.

आणखी एक गोष्ट बहुधा मित्राच्या लक्षात आलेली नाही. बाजारातले बरेचसे वॉर्मर 180 किंवा 200 मिलिमीटर रुंदीच्या मागच्या टायरसाठी असतात. तुमचा मागचा टायर 150 आहे. त्यावर तो वॉर्मर ढिला बसेल, मध्ये तापेल आणि कडा थंड राहतील. वळणात गाडी झोपते, म्हणजे कलते, ती टायरच्या कडेवर. म्हणजे हात लावल्यावर टायर गरम लागणार आणि नेमका जिथे हवा तिथे थंड असणार. यापेक्षा वॉर्मर नसलेला बरा.

पहिल्या दोन फेऱ्या मात्र मनापासून टायरला द्या. टीव्हीवर रेसर डावीउजवीकडे झुलवत गाडी नेतात, तसं करू नका. त्याने टायर फारसा तापत नाही आणि थंड कडेवर गाडी उगाच झोपते. टायर तापतो तो दबल्यामुळे. सरळ पट्ट्यावर गाडी उभी ठेवून आधी हलका, मग थोडा जास्त ब्रेक. वळणातून बाहेर पडल्यावर गाडी उभी झाली की थ्रॉटल नेटाने उघडा. वळणात झोपवणं दर फेरीला थोडं थोडं वाढवा. सर्किट एकाच दिशेने फिरतं, त्यामुळे एका बाजूची वळणं जास्त आणि दुसऱ्या बाजूची कमी. कमी वळणांच्या बाजूची कड उशिरा तापते. बऱ्याच वेळानंतर त्या बाजूचं वळण आलं तर तिथे जपूनच जा.

आता पैसे कुठे घालायचे ते सांगते. अंगात धड लेदर सूट हवा. दोन तुकड्यांचा चालेल, पण कमरेला पूर्ण चेन असलेला. आत पाठीचा प्रोटेक्टर, घोट्याच्या वर जाणारे बूट, मनगट झाकणारे हातमोजे. हे नसेल तर आयोजक आत सोडणार नाहीत आणि सोडलंच तरी तुम्ही जाऊ नका. त्यानंतर ब्रेक ऑइल. शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर बदला. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो. ते हवेतली ओल शोषत राहतं आणि हा आकडा खाली खाली येतो. रस्त्यावर जाणवत नाही. ट्रॅकवर सातव्या-आठव्या फेरीला लिव्हर मऊ पडून हँडलकडे जायला लागतो. एवढ्या स्वस्त कामासाठी ती वेळ यायला नको.

टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात ते वाचा. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही शिल्लक दिसो, इतका जुना टायर मी ट्रॅकवर नेऊ देत नाही. वॉर्मरचे पैसे वाचलेत, त्यात टायरची नवी जोडी येते.

मी सहाशे सीसीच्या गाडीला स्लिक लावतो. करी मोटर स्पीडवेवर वॉर्मर पंधरा मिनिटं लावला, डिस्प्लेवर 80 आलं. तरी पहिल्याच फेरीत मागचा टायर घसरला. शिवाय हवा सकाळी एक दाखवते, दुपारी भलतीच. नक्की भरायची किती? – एक वाचक, पुणे

डिस्प्लेवरचं 80 हे वॉर्मरचं तापमान आहे, टायरचं नाही. मोठ्या आचेवर भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसं पंधरा मिनिटांत होतं. वरचं रबर तापलं, आतले थर थंड, रिम थंड. पिटमधून, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या उभ्या करायच्या जागेतून, बाहेर पडलात की वरची ऊब वाऱ्याने आणि डांबराने ओढून घेतली आणि थंड टायर उरला. पाऊण तास ते तासभर द्या. झालं की नाही हे बघायची माझी रीत साधी आहे : हातमोजा काढून आऱ्यांच्या मधून रिमला हात लावायचा. रिम चांगली गरम लागली तर उष्णता आतपर्यंत पोचली. रिम गार असेल तर डिस्प्ले काहीही म्हणो, थांबा.

हवेचा गोंधळही याच्यातच आहे. समजा तुम्ही 26 पीएसआय भरली. पहाटे 22 अंश असताना भरली असेल, तर 80 अंशांना ती साधारण 34 होते. तीच 26 दुपारी 35 अंशांना भरली, तर 80ला 32च्या आसपास. गेजवर आकडा एकच, ट्रॅकवर फरक दोनाचा. आणि स्लिकला दोनाचा फरक चांगलाच कळतो. म्हणून स्लिकची हवा थंडपणी ठरवूच नका. तासभर वॉर्मर लावून झाला की गरम टायरची हवा मोजा आणि टायर कंपनीने गरम टायरसाठी दिलेल्या आकड्यावर आणा. सेशनहून, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी संपवून, आत आलात की गाडी स्टँडवर घेताक्षणी पुन्हा मोजा. वहीत लिहून ठेवा, वेळ आणि ऊन-सावली यांच्यासकट.

काढण्याचाही क्रम असतो. आधी हेल्मेट, हातमोजे, सगळं घाला. गाडी स्टँडवरच सुरू करून इंजिन तापवा. बाहेर सोडायला लागले की मग वॉर्मर काढा. मी पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या आवारात, नेहमी बघते : वॉर्मर काढलेली गाडी उभी आहे आणि मालक हातमोजे शोधतोय. तेवढ्यात तासाभराची मेहनत वाया जाते.

सेशन संपल्यावर वॉर्मर परत लावा, पण ब्रेकच्या डिस्क निवू द्या. तापलेल्या डिस्कला कापड टेकलं तर वितळतं. एबीएस असेल तर सेन्सरची वायर कापडाखाली दबली नाही ना ते बघा. मधल्या वेळात टायर पूर्ण गार होऊ दिला नाही तर तो जास्त टिकतो, कारण तापणं आणि गार होणं, अशा प्रत्येक आवर्तनाला रबर थोडं थोडं कडक होत जातं. मोठी सुट्टी असेल तर 60वर ठेवा. आणि पेट्रोल भरताना वॉर्मरची वायर सॉकेटमधून काढलीच पाहिजे. इथे मला कोणाचीच सबब ऐकायची नाही.

विजेचं थोडक्यात : दोन्ही वॉर्मर मिळून साधारण हजार वॉट खातात. लहान जनरेटर तेवढा भार दिवसभर पेलत नाही, दोन केव्हीएचा बघा. एक्स्टेन्शनची वायर रिळावरून पूर्ण उलगडा, गुंडाळलेली राहिली तर तीच तापते.

मी मूळची साताऱ्याची, नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. एप्रिलमध्ये डॉनिंग्टन पार्कला ट्रॅक डे आहे. सकाळी सहा-सात अंश असतात. टायर ट्रॅक आणि रस्ता दोन्हीसाठीचे आहेत. मला तरी वॉर्मर लागतील ना? – एक वाचक

हो, तुमच्याकडे वॉर्मरला अर्थ आहे. सहा अंशांत ट्रॅककडे झुकणारा टायर दोन फेऱ्यांत तयार होणार नाही, आणि तिथल्या वाऱ्यात तो सरळ पट्ट्यावर पुन्हा निवतो. भाड्याने किंवा मैत्रिणीकडून मिळाले तर आधी वापरून बघा. टायर कंपनीने वॉर्मरसाठी तापमान दिलं असेल तर तेच ठेवा, स्लिकचा आकडा उचलू नका.

पण डॉनिंग्टनला मला जास्त काळजी वाटते ती डाव्या बाजूची. तिथे उजवी वळणं जास्त आहेत. गोडर्ड्सचं डावं वळण घेऊन तुम्ही पट्ट्यावर येता, मग रेडगेट उजवं, हॉलीवूड उजवं आणि तिथून उतारावर वेगात क्रेनरचं डावं. तोपर्यंत डावी कड निवलेली असते. अनुभवी माणसंही थंड सकाळी तिथे पडतात. वॉर्मर असो-नसो, सकाळच्या सेशनला क्रेनरला गाडी अलगद झोपवा, त्यात थ्रॉटल एकदम सोडू नका. ट्रॅकची ओळख करून घ्यायच्या पहिल्या फेऱ्या संपल्यावर बाकी सगळे वेगात जात असले तरी तुम्ही तुमचाच वेग ठेवा. सकाळचं पहिलं सेशन ओलं असेल तर सरळ सोडून द्या, दिवस मोठा असतो. आणि सायलेन्सर बदललेला असेल तर आवाजाची मर्यादा आधी विचारून घ्या. तिथे त्यावरून परत पाठवतात.

माझे मिस्टर सेहेचाळीस वर्षांचे आहेत. नाशिकहून बाइकवर चेन्नईला जायचं, दोन दिवस ट्रॅकवर चालवायची आणि तीच गाडी चालवत परत यायचं, असं त्यांनी ठरवलंय. मला गाड्यांतलं कळत नाही, पण हे बरोबर वाटत नाही. – एक वाचक, नाशिक

तुम्हाला बरोबर वाटत नाहीये, ते योग्यच आहे. सेहेचाळीस वय ट्रॅकसाठी अजिबात जास्त नाही, माझ्याकडे साठीचे लोक येतात आणि फार छान चालवतात. पण तेराशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालवून दमलेलं अंग घेऊन ट्रॅकवर जाऊ नये. टायरचा मध्य हायवेवर सपाट होतो, गाडी वळणात अडखळत झोपते. आणि ट्रॅकवर साधी लिव्हर तुटली, तरी घरी यायचं कसं? गाडी टेम्पोने पाठवावी आणि त्यांनी रेल्वेने जावं. दोघातिघांनी मिळून टेम्पो केला तर खर्च विभागतो. किंवा चेन्नईत भाड्याची गाडी देणाऱ्या रेसिंग शाळा आहेत, पहिल्या वेळेला तोच मार्ग मला सर्वात आवडतो.

त्यांना विमा पॉलिसी काढून वाचायला सांगा. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, ट्रॅकवर झालेल्या नुकसानीचे पैसे मिळतील असं धरून चालू नये. त्यांचा स्वतःचा अपघात विमा आणि आरोग्य विमा अशा प्रकाराला चालतो का, हे कंपनीला लेखी विचारावं.

आणि तुमच्या हातातलं एक काम : बॅगेत ओआरएसची पाकिटं भरपूर द्या. चेन्नईच्या उन्हात लेदर सूटमध्ये घामाच्या धारा लागतात. पाणी कमी पडलं की आधी डोकं मंदावतं, आणि ब्रेक मारायची जागा चुकते. दोन सेशनच्या मध्ये सूट कमरेपर्यंत उतरवून सावलीत बसायला सांगा. दुपारी हलकं जेवण, तिथला दहीभात उत्तम.

हवेचा गेज कोणता घेऊ? पेट्रोल पंपावरचा चालेल का? – एक वाचक, सांगली

पंपावरचा नको. दोन पंपांवर दोन आकडे येतात. गोल काट्याचा, लवचिक नळीचा, 0 ते 60 पीएसआयचा स्वतःचा घ्या. तो अगदी अचूक असण्यापेक्षा दर वेळी तोच असणं जास्त महत्त्वाचं आहे, त्यामुळे ट्रॅकवर शेजाऱ्याचा मागून घेऊ नका. एकदा एखाद्या चांगल्या टायरवाल्याकडच्या गेजशी ताडून फरक कागदावर लिहून डबीला चिकटवा. आणि मोजताना दोन्ही चाकं सावलीत हवीत. उन्हात उभ्या चाकात हवा एक-दोन पीएसआय जास्त दिसते, तुम्ही ती कमी करता आणि टायर सावलीत आला की कमी पडते.