नाशिकला घरी बिअर बनवली, गॅससाठी लिटरला 6 ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. सहा दिवस झाले, बिअरमध्ये गॅस नाही. अजून साखर घालू का?

नाही, साखर घालू नका आणि बाटल्या उघडूही नका. थंडीत सहा दिवस फार कमी आहेत. जानेवारीत नाशिकला रात्री पारा 10 अंशांच्या आसपास येतो, आणि एल यीस्ट (साखर खाऊन गॅस करणारं, एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट) 15 च्या खाली पेंगायला लागतं. फरशीवर ठेवलेल्या बाटल्या तर आणखी गार पडतात. खोक्यात घालून वर गोधडी टाका, 20 ते 24 अंशांत दोन-तीन आठवडे राहू द्या. तुम्ही लिटरला 6 ग्रॅम साखर घातली आहे, म्हणजे 650 मिलीच्या बाटलीत जेमतेम 4 ग्रॅम, सपाट एक चमचा. गॅसला तेवढी पुरते. वर आणखी घातलीत तर ऊब लागताच यीस्ट सगळीच खाईल आणि काच फुटेल. पुढच्या वेळी एक बाटली सोड्याची प्लॅस्टिकची भरा: बोटाने दाबली जाते तोवर गॅस कमी, दगडासारखी टणक झाली की झालं. आत्ताच्या बाटल्यांपैकी दोन-तीन आठवड्यांनी एक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा. कोमट उघडली तर गॅस नुसता फेस होऊन उडतो. मात्र हे सगळं आंबणं पुरतं थांबल्यावर बाटल्या भरल्या असतील तरच. बाटल्या भरण्याआधी हायड्रोमीटरचं (बिअरची घनता, म्हणजे उरलेली साखर दाखवणाऱ्या नळीचं) रीडिंग तीन दिवसांच्या अंतराने दोनदा सारखं आलं नव्हतं का? मग आजच सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये ढकला, जाड हातमोजे घालून. (आणि परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, तेवढं आधी बघा.)